दोरीच्या बैठकीला झोळ का पडला: घरी बांधलेल्या ड्रिफ्ट बोटीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कॅस्केड पर्वतातून उतरणारी मॅकेंझी नदी यूजीन शहराजवळ विलॅमेट नदीला मिळते. पाणी थंड, पात्र खडकाळ, जागोजागी उतार. या नदीवरच्या मासेमारीसाठी जी होडी घडत गेली ती ड्रिफ्ट बोट. तिचा तळ सपाट असतो, दोन्ही टोकं उचललेली आणि बाजू बाहेर झुकलेल्या. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही प्रवाहाच्या उलट ओढत राहतो, म्हणजे होडी पाण्यापेक्षा हळू जाते आणि समोरचा खडक चुकवायला वेळ मिळतो. प्लायवुड सहज मिळू लागल्यावर १९४०च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या वुडी हिंडमन यांच्यासारख्या कारागिरांनी तिचा आकार पक्का केला. आजही ती हौशी माणसं घरच्या शेडमध्ये बांधतात.

लाकडी ड्रिफ्ट बोटीत दोरीने विणलेली बैठक पूर्वापार चालत आली आहे. ती हलकी असते, आत उडालेलं पाणी तिच्यावर साचत नाही, आणि होडी दगडावर आदळली की धक्का थोडा गिळते. दिसायला सोपी असल्यामुळे बांधणारे तिच्याकडे शेवटी वळतात, उरलेल्या लाकडातून चौकट काढतात आणि घरात असेल ती दोरी ओवतात. या प्रकरणातही तेच झालं.

होडी १६ फुटी, बाजूंना पाव इंची आणि तळाला अर्धा इंची प्लायवुड. बांधणारा विलॅमेट खोऱ्यातला, सुतारकामाचा सराव असलेला गृहस्थ. बैठका दोन: मध्ये वल्हवणाऱ्याची, आणि पुढे दोघांसाठी लांब बाक. होडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोन-दोन तुळया टाकलेल्या, त्यांवर चौकट ठेवून फक्त चार कोपऱ्यांत स्क्रूने धरलेली. चौकटीच्या पट्ट्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या, दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. वल्हवणाऱ्याच्या चौकटीचं आतलं तोंड १६ इंच रुंद आणि पुढून मागे १३ इंच. बाकाचं तोंड ३४ बाय १३, मध्ये आधार नाही. भोकं आतल्या कडेपासून अर्ध्या इंचावर, एका सरळ ओळीत. दोरी पाव इंची नायलॉनची.

अडचण

पहिल्या उन्हाळ्याच्या मध्यालाच दोन्ही बैठकांना झोळ पडला. बाकावर माणसं बसली की दोरी अडीच इंच खाली जायची. वल्हवणाऱ्याच्या बैठकीला झोळ दोन इंचांच्या आसपास होता, पण त्रास तिथेच जास्त झाला. कंबर खाली गेली की चौकटीची पुढची पट्टी मांड्यांखाली रुतते आणि पाय बधिर होतात. शिवाय वल्ह्यांच्या मुठी पोटासमोर यायच्या त्या छातीसमोर येतात, म्हणजे ओढताना पाठीऐवजी खांदे दमतात.

बांधणाऱ्याने दोन्ही बैठकांची दोरी सोडून पुन्हा कचकचून ओढली. बाकाचा झोळ नदीवरच्या थोड्याच सफरींत परत आला. वल्हवणाऱ्याच्या बैठकीत वेगळंच झालं: मागच्या पट्टीत भोकांच्या ओळीतून चीर गेली आणि पाच भोकं एकमेकांना जोडली गेली.

पहिला निर्णय: दोरी विकत घेण्याआधी मोजणं

साहजिक विचार असा होता की दोरी वाईट आहे, चांगली आणावी. तशी ती आणली असती तर बाक दुसऱ्या मोसमातही लोंबला असता. बांधणाऱ्याने आधी चौकटी बाहेर काढल्या आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला दोरा ताणून धरला. हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय तोच ठरला.

बाकाच्या दोन्ही लांब पट्ट्या मध्यभागी प्रत्येकी ५/८ इंच आत वाकल्या होत्या. तुळईवरच्या वार्निशवर घासल्याची चंद्रकोरीसारखी खूणही होती. पट्टी कोपऱ्यांत धरलेली आणि मध्ये सरकत आलेली, हे त्यातून उघड दिसत होतं. वल्हवणाऱ्याच्या चौकटीत मात्र पट्ट्या जवळजवळ सरळ होत्या. लक्षण एकच, कारणं दोन.

दोरीच्या बैठकीचं गणित इथे समजून घ्यायला हवं. चौकटीवर माणसाचं वजन पडतं त्याहून कितीतरी मोठा जोर दोरी आतल्या बाजूला लावते. दोरी एका पट्टीवरून समोरच्या पट्टीकडे जाते ती एक फेरी. वल्हवणाऱ्याच्या बैठकीत पुढून मागे १२ आणि आडव्या १० अशा २२ फेऱ्या धरल्या आणि ९० किलोचा माणूस बसला, तर एका फेरीच्या वाट्याला चार किलोंच्या थोडं वर येतं. पुढच्या भोकापासून मागच्या भोकापर्यंतचं अंतर पावणेपंधरा इंच आणि झोळ एक इंच असेल, तर त्या चार किलोंसाठी दोरीत सुमारे १५ किलो ताण निर्माण होतो. अशा १२ फेऱ्या मिळून एका पट्टीला १८० किलोंनी आत खेचतात. झोळ अर्ध्या इंचावर आणला की ताण दुप्पट होतो, म्हणजे ३६० किलो. बैठक जितकी सपाट आणि कडक कराल तितकी चौकट मोडायच्या जवळ नेता. मोसमाच्या मध्याला दोरी कचकचून ओढली आणि त्यानंतरच चीर पडली, त्यामागे हेच होतं.

उलट बाजूने पाहिलं तर दोरीचं थोडंसं सैल होणंही फार दिसतं. पावणेपंधरा इंचांच्या अंतरात चौकट एकूण पाव इंच आत आली तरी झोळ सव्वा इंचाच्या पुढे जातो. दोरी नुसती २ टक्के लांबली तर दीड इंच, ५ टक्के लांबली तर सव्वादोन इंचांहून जास्त. नायलॉन तेवढ्याच ओझ्याला पॉलिएस्टरपेक्षा बरंच जास्त ताणलं जातं, त्यातून पाणी पितं आणि भिजलं की आणखी ढिलं पडतं. नांगराच्या दोरीला हा गुण असतो, कारण तिथे झटका सोसायचा असतो. बैठकीत तो दोष आहे.

म्हणून निदान असं झालं: वल्हवणाऱ्याच्या बैठकीत नायलॉनचं ताणणं आणि भोकांच्या ओळीने कमजोर झालेली पट्टी, बाकात नायलॉन होतंच, पण मुख्य दोष आधाराविना ३४ इंच लांब सोडलेल्या पट्ट्यांचा.

तोललेले पर्याय

नुसती दोरी बदलणं. खर्च सर्वांत कमी. वल्हवणाऱ्याच्या बैठकीला चिरलेली पट्टी बदलून हे चाललं असतं. बाकाला नाही.

बाकाच्या पट्ट्या मध्यभागीही तुळईला स्क्रूने धरणं. हा पर्याय मोह पाडणारा होता, कारण अर्ध्या तासाचं काम. तुळया दीड बाय साडेतीन इंचाच्या, उभ्या बसवलेल्या. पण आत खेचणाऱ्या जोरासमोर त्यांची दीड इंचाचीच बाजू येते, आणि त्यांची लांबी पट्टीहून जास्त. हिशेब केल्यावर दिसलं की वाकणं कमी होईल, पण पाव इंचाच्या वर राहीलच. पाव इंचाने काय होतं ते वर आलंच आहे.

बाजेसारखी सोय करणं. बाजेच्या पायथ्याकडे ताणाची वेगळी दोरी असते. वीण सैल झाली की तेवढीच ओढून घेतात. तशी एक सरकती आडवी पट्टी घालावी असा विचार झाला. पण त्यासाठी पाच-सहा इंच जागा जास्त लागते, होडीत ती नसते. शिवाय मोकळ्या दोरीचे वेढे बैठकीखाली येतात आणि ड्रिफ्ट बोटीत तिथूनच नांगराची दोरी मागच्या कप्पीकडे जाते. नांगर सोडताना ती दुसऱ्या कशात अडकणं धोक्याचं आहे, त्यामुळे हा पर्याय बाद झाला, आणि तो बरोबरच बाद झाला.

घडीची गादीवाली तयार खुर्ची. आरामशीर, पण गादी पाणी धरते आणि बसण्याची उंची वाढते. उंची वाढली की होडीचा तोल बिघडतो.

दोन्ही चौकटी नव्याने करणं. हाच पर्याय निवडला.

दुसरा निर्णय: कोणतं लाकूड, किती रुंद

ॲश या झाडाचं लाकूड घ्यायचं ठरलं, पण त्यामागचं कारण बहुतेक जण चुकीचं सांगतात. ॲश जास्त ताठ असतं म्हणून घ्यावं, असं नाही. चांगलं डग्लस फर ताठपणात पांढऱ्या ॲशच्या मागे नाही, वजनाच्या मानाने तर पुढेच आहे. फर कमी पडतं ते चिरण्यात. लाकडाच्या रेषेच्या दिशेने एका ओळीत भोकं पाडली की फर तिथून सहज फाटतं. ॲश चिवट असल्याने धरून ठेवतं. ॲशचा दोष असा की ते कुजायला वेळ लावत नाही, म्हणून भोकांच्या आतून बंदोबस्त करावा लागतो. पांढरा ओक कुजण्याला जास्त दाद देत नाही, पण जड. तो घेतला असता तरी चाललं असतं.

वाकण्याचा प्रश्न लाकडाने नाही, मापाने सुटला. पट्टीची रुंदी दीडवरून सव्वादोन इंच केली की आतल्या जोरासमोरचा ताठपणा सव्वातीन पटीच्या वर जातो, कारण तो रुंदीच्या घनाने वाढतो. आणि बाकाच्या मध्ये पुढून मागे एक पट्टी घातली की मोकळी लांबी अर्धी होते, वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. या दुसऱ्या उपायाने एवढा फरक पडतो की पहिला नसता तरी चाललं असतं. पण रुंद पट्टीत भोकं कडेपासून आत घेता येतात, म्हणून ती हवीच होती.

केलेलं काम

दोन्ही चौकटींना मिळून १ इंच जाड ॲश सुमारे सोळा फूट लागलं. भोकांचा हिशेब पुढच्या-मागच्या पट्टीवर १२ आणि बाजूच्या पट्टीवर १०, दोन भोकांमध्ये सव्वा इंच. दोन्ही आकडे सम ठेवले, म्हणजे प्रत्येक दिशेची वीण जिथे सुरू होते त्याच पट्टीखाली संपते आणि गाठी शोधाव्या लागत नाहीत. बाकाची मधली पट्टी ३ इंच रुंद घेतली, कारण तिच्यात दोन्ही बाजूंच्या विणीसाठी भोकांच्या दोन ओळी लागतात. तिच्या दोन्ही बाजूंना साडेपंधरा-साडेपंधरा इंचांचं तोंड राहिलं.

भोकं आतल्या कडेपासून सरासरी ७/८ इंचावर, पण एक पाऊण इंचावर, पुढचं एक इंचावर अशी नागमोडी. सगळी भोकं एकाच रेषेवर नसली की चिरेला वाट मिळत नाही. मधल्या पट्टीत जागा कमी, तिथे हा नागमोडीपणा सोडला. तिला दोन्ही बाजूंनी सारखाच ओढा असल्याने तिथे धोकाही कमी. पाव इंची दोरीसाठी ५/१६ इंचाचं भोक. खाली टाकाऊ फळी दाबून धरली, नाहीतर गिरमिट बाहेर पडताना ढलपी उडते. मग दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकाची धार मोडून गोल केली. हे कंटाळवाणं काम आहे, पण जुन्या नायलॉनचा काथ्या झाला होता तो नेमका या धारेवर.

जोड कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका पट्टीच्या टोकाची जीभ (कुसू) दुसरीच्या खाचेत बसणारे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: पुढून मागे जाणाऱ्या फेऱ्या जोड मिटवतात, उघडत नाहीत, म्हणून त्यांची काळजी नको. आडव्या फेऱ्या मात्र बाजूच्या पट्टीला आत सरकवायला बघतात, आणि तो जोर कुसू घेतो. नुसत्या स्क्रूवर ते सोडू नये. इपॉक्सी या कडक होणाऱ्या डिंकाने जोड भरले, भोकांच्या आत कान कोरायच्या कापसाच्या काडीने पातळ इपॉक्सी फिरवलं, वर वार्निशचे तीन हात दिले. पुढच्या पट्टीची वरची कड अर्ध्या इंचाच्या गोलाईने उतरवली. मांड्यांना लागते ती हीच.

दोरी पाव इंची विणीची पॉलिएस्टर. तीन पेडी दोरी टाळली, कारण भोकांतून ओढताना तिचा पीळ सुटतो. काथ्या किंवा मनिलाचा नैसर्गिक धागा जुन्या होड्यांत शोभून दिसतो, पण भिजला की आखडतो, वाळला की ढिला होतो आणि शेवटी कुजतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण उन्हाने ठिसूळ होतं आणि ओझ्याखाली हळूहळू लांबतच राहतं. एका तोंडाला निव्वळ ३६ फूट दोरी जाते. विणीतली नागमोड, गाठी आणि हाताने धरायचं टोक मिळून ४५ फूट. ५० फुटांचे तीन तुकडे घेतले आणि ओवण्याआधी प्रत्येक तुकडा दोन खांबांमध्ये ताणून रात्रभर ठेवला.

ओवण्याची रीत अशी. पुढच्या पट्टीच्या कोपऱ्यातल्या भोकातून खालून वर यायचं, वरून मागच्या पट्टीकडे जायचं, समोरच्या भोकात खाली उतरायचं, खालून शेजारच्या भोकाकडे सरकून पुन्हा वर. प्रत्येक फेरी ओढल्यावर भोकात गोल्फचा लाकडी टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) ठोकून ती धरायची आणि पुढची ओवायची. हात मोकळे राहतात आणि मिळवलेला ताण परत जात नाही.

पहिल्या दिशेच्या फेऱ्या कडक ओढायच्या नाहीत. हीच गोष्ट बहुतेकांची चुकते. बोटाने दाबल्यावर दीड इंच खाली जाईल एवढ्याच त्या ठेवायच्या. आडव्या फेऱ्या एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशा जायला लागल्या की प्रत्येक फेरी उभ्या दोऱ्यांना वाकवते आणि ताण आपोआप वाढवते. उभ्या फेऱ्या आधीच ताठ असतील तर सातव्या-आठव्या आडव्या फेरीला दोरी घुसतच नाही, आणि जबरदस्तीने घातलीच तर बैठकीची एक बाजू फळीसारखी होते, दुसरी झोळीसारखी. आडवी दोरी ओवायला टोकाला चिकटपट्टी गुंडाळून टोक निमुळतं केलं. शेवटच्या चार फेऱ्यांना जाड तारेचा आकडा लागला.

सगळं ओवून झाल्यावर सुरुवातीच्या टोकापासून पुन्हा एकेक फेरी ओढत सैलपणा शेवटाकडे नेला. उद्दिष्ट असं ठेवलं होतं की माणूस बसल्यावर झोळ एक इंच यावा, त्याहून कमी नको. टोकं पट्टीखालच्या वेढ्याला दोन अर्ध्या फासांनी बांधली. नदीवरच्या पहिल्या काही सफरींनंतर पुन्हा ओढायचं असल्याने आठ-आठ इंच टोक राखलं, पण ते मोकळं न सोडता खालच्या वेढ्यांत गुंतवलं, म्हणजे नांगराच्या दोरीच्या वाटेत येणार नाही. पक्कं ओढून झाल्यावर ती कापून डागली.

परिणाम

पुढच्या मोसमाअखेर वल्हवणाऱ्याच्या बैठकीचा झोळ बसल्यावर सव्वा इंचाच्या आत होता, बाकाचा सव्वा इंच. दोरा ताणून पाहिलं तर बाकाच्या पट्ट्या सरळ होत्या. एकदाच, सुरुवातीच्या सफरींनंतर, दोरी पुन्हा ओढावी लागली. भोकांत कुठेही चीर नाही. वजन दोन्ही मिळून तीनेक किलो वाढलं. १६ फुटी होडीला ते जाणवत नाही.

एक नवी तक्रार आली, ती बाकाची. दोघं बसले की मधली पट्टी कुणाच्याच खाली येत नाही. पण पुढे एकटाच मासेमार असला की होडीचा तोल राखायला त्याला मध्यावरच बसावं लागतं, आणि मग तीन इंच रुंद ॲश थेट माकडहाडाखाली. खडकाळ उतारावर ते चांगलंच लागतं. तात्पुरता उपाय म्हणून फोमची उशी आली, जिच्यात पाणी साचतं. दोरीची बैठक करायचं एक कारण तिथेच गेलं.

हिवाळ्यात ओरेगॉनच्या पावसात होडी ताडपत्रीखाली राहिली तेव्हा दोरीवर हिरवट थर धरला. तो साबणाच्या पाण्याने निघाला, दोरीला इजा नाही. ताडपत्रीखालून हवा खेळती ठेवणं बरं.

काय वेगळं करता आलं असतं

मधली पट्टी सपाट न ठेवता खोलगट करायला हवी होती. ३ इंच उंचीची पट्टी उभी घ्यायची, टोकं चौकटीच्या पातळीवर कुसवाने धरायची आणि वरची कड मध्यभागी पावणेदोन इंच खाली कोरून टाकायची. मध्ये सव्वा इंच लाकूड उरतं, आणि पट्ट्यांना एकमेकींपासून दूर रेटायला ते पुरे आहे. मग वीण अखंड ३४ इंचांची राहते, झोळ पडला तरी दोरी लाकडाला टेकत नाही, आणि मध्ये बसणाऱ्यालाही दोरीच मिळते. हा आधार चौकटीच्या खाली वेगळा बसवण्याचा शॉर्टकट मात्र घेऊ नये: दोरी वरून ओढते, आधार खालून रेटतो, आणि लांब पट्ट्या आतल्या बाजूला पिळल्या जातात.

वल्हवणाऱ्याच्या चौकटीला सव्वादोन इंची पट्टी गरजेपेक्षा जास्त झाली. तिथे मोकळी लांबी १६ इंचच असल्याने पावणेदोन इंच पुरली असती, भोकं मात्र कडेपासून पाऊण इंचाच्या अलीकडे आणू नयेत. तेवढी रुंदी वाचली की पुढची कड गुडघ्यांपासून अर्धा इंच मागे जाते, आणि बुटक्या माणसाला पायांनी रेटायची फळी सहज गाठता येते.

आणि मोसमाच्या मध्याला दोरी पुन्हा कचकचून ओढली नसती तर ती पट्टी बहुधा हिवाळ्यापर्यंत टिकली असती. त्या वेळी करायचं काम एवढंच होतं: चौकट उलटी करून पट्ट्यांवर दोरा धरायचा, वाकल्या असतील तर दोन पट्ट्यांच्या मध्ये तात्पुरता लाकडी ठोकळा अडकवायचा, आणि उरलेला झोळ मोसमभर सोसायचा.